चुकांची वही

लिथोपोलीत पोलिक्सेनी द्रोसूला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आई गेली, नवरा त्याही आधी लाकडाच्या ट्रकखाली सापडून गेला, आणि बाकीच्या गावाला ती नुसती 'मेट्रनबाई' होती. खाटीक तिला पाहिलं की सुरी खाली ठेवून विचारायचा, "काय देऊ, मेट्रनबाई?" त्याची तिन्ही पोरं तिच्या हातून बरी होऊन घरी आली होती, दोघांना गोवर झाला होता आणि तिसऱ्याने नाणं गिळलं होतं.

बाई उंच, हाडकुळी, आवाजाने भारदस्त. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मुलांचं इस्पितळ गावाच्या वरच्या अंगाला, साठ-सत्तर डोंगरी खेड्यांना मिळून एकच. तिथे ती एकविसाव्या वर्षी आली आणि तिथेच राहिली. त्या काळात सरकारं आली-गेली, प्रत्येक सरकारबरोबर नवा संचालक आला, प्रत्येक संचालकाने आपल्या खोलीतला सोफा बदलला. वॉर्डातल्या खाटा मात्र त्याच राहिल्या. इस्पितळ खरं कोण चालवतं हे संचालकांना ठाऊक असायचं, म्हणूनच ते तिला फारसे भेटत नसत.

तिने आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली. चुकांची वही.

नर्स चुकते. डॉक्टरही चुकतो, पण डॉक्टर चुकला की त्याला गुंतागुंत म्हणतात. पूर्वी आमच्या इस्पितळात चुकलेली नर्स काय करायची, तर रिकामी बाटली पर्समध्ये घालून घरी न्यायची आणि पोर बरं होईपर्यंत मेणबत्त्या लावत बसायची. पोलिक्सेनी मेट्रन झाली त्या वर्षी तिने बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली, औषधांच्या कपाटावर साखळीने बांधली आणि सगळ्या नर्सेसना गोळा केलं.

"चूक पिशवीत घालून घरी न्यायची नाही," ती म्हणाली. "इथे ठेवून जायची. काय झालं, किती वाजता झालं, का झालं, सगळं आपल्या अक्षरात लिहायचं. खाली सही."

"आणि मग तुम्ही आम्हाला हाकलणार," एक जण म्हणाली.

"जी लिहील तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. जी लपवेल तिची मात्र मी चामडी सोलीन."

तेच वाक्य, चामडीचा भाग गाळून, तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली सही केली. पहिले चार महिने वही कोरी. मग एकीने भीत भीत लिहिलं, तिला काही झालं नाही. दुसरीने लिहिलं, तिलाही नाही. हळूहळू नर्सेस चूक झाली की धावत वहीकडे यायला लागल्या. दर सोमवारी पोलिक्सेनी पानं वाचायची आणि 'कोणी केलं' हे बाजूला ठेवून 'कशामुळे झालं' यावर सगळ्यांशी भांडायची. त्यातूनच लाल रुमाल आला. औषध भरणारीने डोक्याला लाल रुमाल बांधायचा, आणि रुमाल डोक्यावर असेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा प्रत्यक्ष संचालकसाहेब रुमालवालीशी बोलायला गेले, तर पोलिक्सेनीने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. गाव आठवडाभर हसत होतं.

चुका कमी झाल्या. खरोखर कमी झाल्या. राजधानीहून लोक बघायला आले. मुख्य डॉक्टर मान्थोस यांनी वहीवर एक लेख लिहिला, परदेशी जाऊन वाचला. पोलिक्सेनीचं नाव शेवटच्या ओळीत, 'सहकार्याबद्दल आभार' मध्ये. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला फक्त एकच काळजी होती, आपल्यानंतर वहीचं काय.

आणि मग अरेती आली. मेंढपाळाची मुलगी, गालांवर डोंगरातल्या थंडीचे लाल चट्टे, बोलायला कमी. सुई अशी टोचायची की पोर रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहायचं. वहीत सगळ्यात जास्त नोंदी तिच्याच. बाकीच्या तिला चिडवायच्या, "काय गं, रोज चुकतेस की काय?" ती म्हणायची, "रोज चुकत नाही. रोज लिहिते." हे कानावर पडलं त्या दिवशी पोलिक्सेनीने मनात ठरवून टाकलं की आपल्या खुर्चीवर ही बसणार.

पुढे सरकारी खर्चकपातीची वर्षं आली. एकतीस नर्सेस होत्या त्या चौदा उरल्या. काही जर्मनीला गेल्या, काहींना घरी बसवलं. आधी हातमोजे संपले, मग पोरांच्या मनगटावर बांधायच्या नावाच्या पट्ट्या संपल्या. पोलिक्सेनीने वरती सात पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे' असं. तो योग्य विभाग कुठे आहे ते कुणालाच सापडलं नाही. शेवटी नावाचा कागद खाटेच्या दांडीला चिकटवायचा असं ठरलं. पोलिक्सेनीला ते मुळीच पटलेलं नव्हतं. तिने स्वतः वहीत तसं लिहिलं, "हे एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल," आणि सही केली.

त्या नोव्हेंबरात ब्लेत्सास घराण्याची दोन नातवंडं एकाच वेळी दाखल झाली. दोन सख्ख्या भावांची बाळं. आमच्याकडे बाप्तिस्मा होईपर्यंत पोराला नाव नसतं, म्हणून दोन्ही कागदांवर 'बाळ ब्लेत्सास, मुलगा'. नाव असतं तरी फार फरक पडला नसता, कारण दोघांनाही आजोबांचंच, स्तेर्योस, मिळणार होतं. कागदावर खाली आईचं नाव लिहायचं हाही पोलिक्सेनीचाच नियम: एक मारियान्थीचा, एक ख्रिसूलाचा. मारियान्थीचा सात आठवड्यांचा, हृदयात दोष, वजन भरत नव्हतं. त्याला सकाळ-संध्याकाळ शिरेतून हृदयाचं औषध. ख्रिसूलाचा चार आठवड्यांचा. जुलाबांनी सुकून आला होता, मूत्रपिंडं दमली होती, पण सावरत होता. त्याचं सलाइन त्याच दिवशी काढलं होतं, सुई तेवढी हातात ठेवली होती.

दोघांजवळ बसली होती त्यांची आजी, आगोरो. ख्रिसूलाचे चाळीस दिवस पुरे व्हायचे होते. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, इस्पितळ असो की आणखी काही, असं आगोरोचं म्हणणं, आणि त्या घरात आगोरोच्या म्हणण्यापुढे कुणाचं चालत नसे. मारियान्थी चार दिवस खुर्चीत झोपून अंग आंबलं म्हणून अंघोळीला गावी गेली होती, ती दुसऱ्या सकाळी येणार होती. आगोरोने दोन्ही बाळांच्या झबल्यांना निळे मणी टाचले, दृष्ट लागू नये म्हणून दोघांवर तीनतीनदा थू थू केलं. मग तिच्या लक्षात आलं की खिडकीजवळच्या खाटेवर वारा येतोय.

आमच्या बायका वाऱ्याला भितात तेवढ्या मरणालाही भीत नाहीत. हृदय कच्चं असलेलं बाळ खिडकीशी आणि सावरलेलं आत, हे तिला बघवेना. तिने एकाला उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं, दुसऱ्याला पहिल्याच्या. पांघरुणं नीट खोचली. मायेपोटी केलं, दुसरं काही नाही. कागद मात्र दांड्यांनाच राहिले.

अरेती पाच दिवसांच्या सुट्टीवरून आली होती. ही बाळं तिने आधी पाहिलेली नव्हती. सव्वीस मुलांना दोघी नर्सेस, त्यातली दुसरी ताप अंगावर काढत होती. अरेतीने लाल रुमाल बांधला, औषध भरलं, दोनदा तपासलं, खिडकीजवळचा कागद वाचला आणि औषध दिलं. संध्याकाळची नर्स आलीच नाही, म्हणून तीच थांबली, आणि संध्याकाळी पुन्हा दिलं.

सकाळी मारियान्थी आली, खिडकीजवळच्या खाटेवर वाकली आणि म्हणाली, "हा माझा नाही. माझा कुठंय?"

अरेतीच्या हातातला ट्रे खाली ठेवायलाही तिला सुचेना. ती तशीच ट्रे घेऊन पोलिक्सेनीच्या खोलीत गेली. "बाई," एवढंच म्हणाली, आणि पुढचं पोलिक्सेनीने तिच्या तोंडावरच वाचलं.

डॉक्टर मान्थोस तीन तास झगडले. बाळाची नाडी उतरत गेली. बारा वाजून गेल्यावर आगोरोने पोलिक्सेनीचा हात धरला. "पाद्री पोचायचा नाही, मेट्रनबाई. असा बिननावाचा जाऊ देऊ नका त्याला." अशा वेळी आमच्याकडे कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आणि पोलिक्सेनीने ते याआधीही केलं होतं. तिने बाळाला दोन्ही हातांवर घेऊन हवेत तीनदा वर उचललं, देवाचा सेवक स्तेर्योस म्हणून त्याचा बाप्तिस्मा केला. ऑक्सिजनची नळी अरेतीने धरली होती. नाव मिळाल्यावर स्तेर्योस ब्लेत्सास पाऊणएक तास जगला.

डॉक्टर मान्थोस हात पुसत खोलीत आले, दार लावून घेतलं. "मूत्रपिंडं गेली," ते म्हणाले. "तशीही दमलेलीच होती. मी तसंच लिहिणार आहे. शवविच्छेदन कुणी मागणार नाही. कळलं?"

ते गेल्यावर अरेती म्हणाली, "बाई, लिहू?"

या एका प्रश्नावर पोलिक्सेनीचं उरलेलं आयुष्य अडकून राहिलं. अरेतीची म्हातारी आई, तिचं जेमतेम तिशीचं वय, सगळं पोलिक्सेनीच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि वहीसुद्धा. आज हिला लिहू नको म्हटलं, तर उद्या दुसरीला लिही म्हणायला तोंड कुठलं?

"लिही," ती म्हणाली. "वही त्यासाठीच आहे. मी आहे तुझ्या पाठीशी."

अरेतीने पानभर लिहिलं. आजीने बाळं बदलली हे तिने लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, 'मी कागद पाहिला, बाळ पाहिलं नाही.' मग पोलिक्सेनी चाळीस किलोमीटर वर, ब्लेत्सासांच्या गावी गेली आणि बाळाच्या आईला, ख्रिसूलाला, खरं काय ते सांगितलं. ख्रिसूला अंथरुणात उठून बसली होती, झगा छातीवर दुधाने भिजलेला. ती रडली नाही. "कोणी?" तिने विचारलं. पोलिक्सेनी म्हणाली, "आम्ही." ख्रिसूला पुन्हा म्हणाली, "कोणी?"

आठवड्याच्या आत बापाने तक्रार केली. दोन पोलिस आले, साखळी तोडली आणि वही पिशवीत घालून घेऊन गेले. संचालकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी पोलिक्सेनीला बोलावलं, पहिल्यांदाच सोफ्यावर बसवलं.

"अहो, ही असली वही ठेवायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

"पंधरा वर्षं आहे ती. तुमच्या भाषणातही होती."

"भाषणात ठीक आहे हो! पण खरंच लिहून ठेवायचं?"

आमच्या कोर्टात खटला उभा राहायला तीन वर्षं लागतात. तोवर अरेती निलंबित. एकेका नर्सला चौकीवर बोलावून वहीतल्या जुन्या नोंदींबद्दल विचारलं गेलं. त्या परत यायच्या आणि पोलिक्सेनीकडे न बघता कामाला लागायच्या. तिने नवी वही आणून बांधली. लाल रुमाल चालू राहिला, पण वहीकडे कुणी फिरकेना.

खटल्याच्या आदल्या आठवड्यात अरेतीच्या वकिलाने पोलिक्सेनीला सांगितलं, बाळं आजीने बदलली हे तुम्ही सांगा, शिक्षा हलकी होईल. आपण बाळं हलवली त्यानेच हे झालं, हे आगोरोला माहीत नव्हतं. मारियान्थीने कधी तोंड उघडलं नव्हतं, अरेतीने तर नाहीच. पोलिक्सेनीने तीन दिवस विचार केला. मी आहे तुझ्या पाठीशी, असं म्हटलं होतं तिने.

तिने सांगितलं. भर कोर्टात, आगोरो काळ्या कपड्यांत दुसऱ्या बाकावर बसलेली असताना. म्हातारीला आधी समजलंच नाही, ती आजूबाजूला बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वारा येत होता हो." एवढंच. ख्रिसूलाने मान वळवून सासूकडे पाहिलं, आणि ते बघणं पोलिक्सेनीला पुढे कधी विसरता आलं नाही.

न्यायाधीशबाई शांत, सुशिक्षित. त्यांनी विचारलं, "औषध देण्याआधी बाळाची ओळख पटवणं हे काम आजीचं की नर्सचं?"

"नर्सचं."

"मग झालं." त्यांनी वही उघडली, पहिलं पान मोठ्याने वाचलं. "जी लिहील तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. खाली सही तुमची. हे वचन तुम्ही कुठल्या कायद्याने दिलंत?"

कायदा कुठला? पोलिक्सेनीने ते आपल्या शब्दावर दिलं होतं.

डॉक्टर मान्थोस म्हणाले की ही नोंद नसती तर मूत्रपिंडंच गेली असं त्यांनीही धरलं असतं. अरेतीच्या विरुद्ध दुसरा पुरावा नव्हताच. तिचं स्वतःचं अक्षर तेवढं होतं. न्यायाधीशबाईंनी तिच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं आणि अठरा महिन्यांची कैद सुनावली, स्थगित, म्हणजे तुरुंगात जायचं नव्हतं. महिन्याभरात खात्याने तिला कायमचं काढून टाकलं.

ब्लेत्सासांचं घर फुटलं. ख्रिसूला माहेरी गेली ती परत आली नाही. आगोरोने जेवण सोडल्यासारखंच केलं. मारियान्थीचा मुलगा जगला, आता चांगला पळतो. त्याचंही नाव स्तेर्योसच ठेवलं. आजी त्याला नावाने हाक मारत नाही म्हणतात.

अरेती भाजलेले चेस्टनट पिशव्यांत भरायच्या कारखान्यात लागली. एका रविवारी पोलिक्सेनी तिच्याकडे गेली. आईने कॉफी ठेवली. अरेतीची बोटं कवचांनी चिरली होती, ती त्यांना टेबलाखाली लपवत होती.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"पुन्हा तीच वेळ आली, तर मला लिही म्हणाल का?"

पोलिक्सेनीने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं तिला. तिचं सगळं आयुष्य त्या 'हो'वर उभं होतं. पण समोर ती बोटं होती. ती बघत राहिली आणि वेळ निघून गेली.

"राहू दे, बाई," अरेती म्हणाली. "कॉफी निवतेय."

त्यानंतरच्या वर्षी आरोग्य खात्याच्या मोठ्या कार्यालयातून पत्र आलं. लिथोपोलीच्या मुलांच्या इस्पितळात सलग चार वर्षांत एकही चूक नोंदली गेली नव्हती. सगळ्या विभागात असं दुसरं इस्पितळ नव्हतं. उत्कृष्ट परिचर्येची पितळी पाटी मिळाली. बडे अधिकारी आले, टाळ्या झाल्या, लिंबाचं सरबत झालं. पोलिक्सेनीने त्यातल्या मोठ्या साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, चुका होतात. नर्सेस आता लिहीत नाहीत एवढंच. परवा मला कचऱ्यात कापसाखाली दडवलेली बाटली सापडली. कोणाची, कोणत्या पोराला दिलेली, काही कळत नाही."

साहेब खूश होऊन हसले. "ही तुमची विनम्रता, मेट्रनबाई! म्हणूनच तर हा दर्जा!" आणि त्यांनी फोटोसाठी तिला मधोमध उभं केलं.

निवृत्तीला सात महिने राहिले होते. मार्चमधली दुपार, वॉर्डात नर्स एकच, म्हणून पोलिक्सेनी स्वतः औषधं देत होती. सहा वर्षांच्या एका मुलीला तिने तापाचं इंजेक्शन दिलं आणि वळताना टेबलावर तशीच रिकामी सिरिंज दिसली. तासाभरापूर्वी त्या नर्सने तेच औषध दिलं होतं. कागदावर खूण करायची राहून गेली होती, आणि पोलिक्सेनीनेही विचारलं नव्हतं. ती खुर्ची ओढून मुलीजवळ बसली. नाडी मोजली, पुन्हा मोजली, दर दहा मिनिटांनी मोजली. मुलीला दोन उलट्या झाल्या, घाम सुटला, मग ती झोपली. चार वाजेपर्यंत तिचा श्वास संथ झाला, गाल कोमट झाले. काही झालं नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं.

ती उठली, औषधांच्या कपाटापाशी गेली. पेन हातात घेतलं. पोरीला काय झालं, किती वाजता झालं, का झालं, सगळं तिला सांगता आलं असतं; का झालं ते तर फारच चांगलं. तिला पोलिस दिसले, पिशवी दिसली, टेबलाखाली जाणारी बोटं दिसली. ती बराच वेळ उभी राहिली. स्वतःची तिला इतकी शिसारी यापूर्वी कधी आली नव्हती. मग तिने पेन खिशाला लावलं.

मागून मुलीची आई आली. मजूर बाई, हाताला अजून मातीचा वास. "मेट्रनबाई, हिला मधेच असा घाम का आला हो? उलट्यापण झाल्या. काही बिघडलं तर नाही ना?"

"औषधाने होतं कधी कधी," पोलिक्सेनी म्हणाली.

बाईने छातीवर क्रूस काढला. "मी घाबरलेच होते. मग बाहेरची ती पितळी पाटी वाचली, तेव्हा जिवात जीव आला. इथे चुका होतच नाहीत म्हणे."

"नाही होत," पोलिक्सेनी म्हणाली.